बेक्वे (सेंट व्हिन्सेंट): पोर्ट एलिझाबेथमध्ये चार-पाच निवांत दिवस – माहिती आणि चर्चा

दर्यासारंग

कॅरिबियन म्हटलं की आपल्याकडे क्रूझ नाहीतर मोठाल्या रिसॉर्टांचीच चर्चा होते. एखाद्या छोट्या बंदरगावात चार दिवस नुसतं राहायचं असेल तर काय करावं, यावर मराठीत फारसं सापडत नाही, म्हणून हा धागा. गाव पोर्ट एलिझाबेथ, बेट बेक्वे, देश सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स.

बेट जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, वस्ती पाच हजारांच्या आसपास. सेंट व्हिन्सेंट या मुख्य बेटाच्या दक्षिणेला साधारण १५ किलोमीटरवर. गाव अ‍ॅडमिरल्टी बे या पश्चिमेकडे उघडणाऱ्या खोल उपसागराच्या आतल्या टोकाला आहे. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि मध्ये डोंगर आडवा येतो, म्हणून गावासमोरचं पाणी बहुतेक दिवस शांत असतं. शिडाच्या बोटी इथे नांगर टाकून आठवडेच्या आठवडे पडून असतात, त्याचं कारण हेच.

मुक्काम किती? निदान चार रात्री. यायचा आणि जायचा दिवस प्रवासातच जातो, त्यामुळे दोन रात्रींत हाती एकच दिवस उरतो, आणि तो धावपळीत संपतो.

राहायचं कुठे हे सगळ्यात महत्त्वाचं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा जाणाऱ्याने धक्क्यापासून चालत जाता येईल असं घर किंवा गेस्टहाऊस घ्यावं, म्हणजे बेलमाँटच्या किनारी पायवाटेच्या आसपास. बाजार, बेकरी, एटीएम, फेरी, जेवण, पोहणं सगळं पायी होतं. लोअर बे याहून शांत आणि किनारा देखणा, पण रात्री जेवायला गावात यायचं तर टॅक्सी किंवा वॉटर टॅक्सी लागते. फ्रेंडशिप बे दक्षिणेला आहे. तिथे वारा भरपूर, डास कमी, पण समुद्र जास्त हलता. डोंगरावरच्या व्हिलांतून दृश्य अप्रतिम दिसतं. मात्र रस्ते इतके चढाचे आहेत की गाडीशिवाय दिवसातून एकदाच खाली उतरणं होतं.

हंगाम: जानेवारी ते मे कोरडा, जून ते डिसेंबर पावसाचा. वादळांचा धोका जून ते नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त. हा भाग दक्षिणेकडे असल्याने वादळं तुलनेने कमी येतात, पण येतच नाहीत असं नाही. १ जुलै २०२४ला बेरिल वादळाने शेजारच्या कॅरियाकू आणि युनियन आयलंडची दाणादाण उडवली. बेक्वेलाही तडाखा बसला, पण त्यामानाने कमी. त्या महिन्यांत जाणार असाल तर रद्द करता येणारं बुकिंग आणि विमा घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

येण्याजाण्याचं वेळापत्रक काटेकोर आखा, मधले दिवस मोकळे ठेवा. या गावात उलटं केलं की त्रास होतो.

मीनल_एडिसन

उत्तम धागा. फेब्रुवारीत चौघांचा बेत आहे, दोन मोठे, आठ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई. तीन प्रश्न: भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? आमचा एच-वन-बीचा (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचा) पासपोर्टवरचा शिक्का संपला आहे, आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आहे, तर चालेल का? आणि फेरी फार हलते असं वाचलं, ते कितपत खरं?

गलबत

मीनलताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथे गोष्ट अडेल. शिक्का संपला असेल तर जाऊ नका. मुदत संपलेल्या शिक्क्यावर परत येऊ देणारी जी 'ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन'ची सोय आहे, ती एच-वन-बीला फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, तीही ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी. 'लगतची बेटं' हा शब्द अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, पण ती सवलत एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे. एच-वन-बीवाला बेक्वेहून निघाला की विमानकंपनी त्याला विमानात चढूच देणार नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर अ‍ॅडव्हान्स पॅरोलची (बाहेर जाऊन परत येण्याच्या आगाऊ परवानगीची) बाब वेगळी. ती वकिलाला विचारूनच ठरवा.

सेंट व्हिन्सेंटला भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. अधिकारी परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारतात. दोन्ही कागदावर छापून ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. बार्बाडोसलाही भारतीयांना व्हिसा नाही, म्हणून ते मधलं स्थानक म्हणून सोयीचं.

खरी अडचण वाटेतल्या देशांची. भारतातून निघणाऱ्यांनी हे नीट वाचावं:

अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिथे इमिग्रेशन ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लंडनमार्गे जायचं तर भारतीयांना एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा (इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलण्यापुरता) लागतो, पण अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर सहसा सूट मिळते. फसगत होते ती अशी: मुंबईहून हीथ्रोला उतरायचं आणि बार्बाडोसचं विमान गॅट्विकहून. विमानतळ बदलला की इमिग्रेशनबाहेर पडावं लागतं आणि मग एअरसाइड व्हिसा पुरत नाही. तिकीट स्वस्त दिसलं तरी आधी विमानतळाचं नाव पाहा.

सेंट व्हिन्सेंटचा आर्गाइल आंतरराष्ट्रीय विमानतळ १४ फेब्रुवारी २०१७ला सुरू झाला. त्याआधी मोठी विमानं उतरतच नव्हती. आता मायामीहून अमेरिकन एअरलाइन्स, टोरांटोहून एअर कॅनडा थेट जातात, पण सगळी विमानं रोज नसतात. आठवड्यातले वार पाहूनच सुट्टीचे दिवस ठरवा.

आडवं_शीड

फेरीबद्दल मी सांगतो.

आर्गाइल विमानतळ मुख्य बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे आणि फेरी किंग्जटाउनहून सुटते. टॅक्सीने पाऊण तास धरा. कामावरून सुटण्याच्या वेळी आर्नोस व्हेल या वस्तीच्या आसपास वाहतूक तुंबते, तेव्हा आणखी वेळ. विमान उतरल्यापासून फेरी सुटेपर्यंत किमान अडीच तास हातात हवेत. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी होतात. त्या दिवशी दुपारी उशिरा उतरणारं विमान घेतलंत तर रात्र मुख्य बेटावरच काढावी लागेल.

तिकीट धक्क्यावर किंवा बोटीवरच मिळतं, एका वेळचं भाडं ३० ईसी डॉलरच्या (ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, तिथलं चलन) आसपास. रोख द्यावं. नेहमीच्या बोटीला तासभर लागतो. या गाड्या नेणाऱ्या बोटी आहेत, पुढचा रॅम्प धक्क्यावर टेकतो आणि माणसं, गाड्या, सिमेंटच्या गोण्या, भाजीच्या पेट्या सगळं त्याच तोंडातून आत जातं. मोठ्या बॅगा खालच्या डेकवर ठेवायच्या. तिथे पाणी येतं, म्हणून आतले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा.

आता हलण्याबद्दल. बेक्वे चॅनल हा अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रामधला अरुंद दरवाजा. पूर्वेचा वारा आणि त्याच्याबरोबरचा पश्चिमेकडे जाणारा प्रवाह तिथे दाबला जातो. भरतीमुळे प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला वळला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोट आडवी डोलते. डिसेंबर-जानेवारीत वारे सर्वांत जोराचे, त्यांना तिथले लोक ख्रिसमसचे वारेच म्हणतात. फेब्रुवारीतही ते पुरते ओसरलेले नसतात. मधला अर्धा तास त्रासाचा. किंग्जटाउनचा आणि अ‍ॅडमिरल्टी बेचा भाग आडोशाचा, तिथे पाणी शांत.

बसायची जागा: जाताना वारा आणि तुषार डावीकडून येतात, म्हणून उजव्या बाजूला, बोटीच्या मध्यापासून थोडं मागे, उघड्या हवेत. येताना नेमकं उलटं, डावी बाजू. बंद एसी केबिनमध्ये बसलं की क्षितिज दिसत नाही आणि उलटी हमखास होते. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर. बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि सासूबाईंना रक्तदाबाची किंवा काचबिंदूची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जाताना पोट रिकामं नको, पण तळलेलंही नको.

दुसरा पर्याय बार्बाडोसहून छोट्या विमानाने थेट बेक्वेला. तिथला जे. एफ. मिचेल विमानतळ १९९२चा, धावपट्टी किलोमीटरभराच्या आसपास, म्हणून विमानं लहान. चॅनल टळतो, पण सामानाचं वजन कडक मोजलं जातं. कडक कवचाची मोठी सुटकेस पुढच्या विमानाने येऊ शकते. मऊ बॅगा न्या, औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. ही सेवा मूळ तिकिटाला जोडलेली नसेल तर बार्बाडोसला इमिग्रेशन, सामान, पुन्हा चेक-इन असा पूर्ण फेरा होतो. तीन तासांहून कमी अंतर ठेवू नये.

मीनल_एडिसन

गलबत, शतशः आभार, शिक्क्याची गोष्ट माहीतच नव्हती. आता आधी शिक्का, मग बेट. सासूबाईंच्या गुडघ्यांना किनारे झेपतील का?

निळाई

मीनल, किनाऱ्यांचा हिशेब असा.

धक्क्यापासून दक्षिणेकडे पाण्याच्या कडेकडेने बेलमाँट वॉकवे जातो. सपाट, अरुंद, एका बाजूला खाणावळी आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. कठडा सगळीकडे नाही. लाट मोठी असेल त्या दिवशी पायवाटेवर पाणी येतं आणि शेवाळावर पाय घसरतो. गुडघे दुखणाऱ्यांना इथपर्यंत काही अडचण नाही.

पुढे प्रिन्सेस मार्गारेट बीचला जायला डोंगराची सोंड ओलांडावी लागते, तिथे पायऱ्या आहेत, चढ आणि उतार दोन्ही. (ब्रिटनची राजकन्या मार्गारेट १९५८ मध्ये इथे येऊन गेली, तेव्हापासून हे नाव. त्याआधी तो टोनी गिबन्स बीच होता.) त्यापलीकडे लोअर बेला जाणारी दुसरी वाट आहे ती आणखी खडबडीत, सासूबाईंना नको. त्यांच्यासाठी टॅक्सी. इथल्या टॅक्सी म्हणजे मागे बाकं बसवलेले उघडे पिकअप, चढायला पायरी उंच असते. 'व्हॅन पाठवा' असं आधीच सांगितलं तर बंद गाडी मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि ते ईसीत की अमेरिकन डॉलरमध्ये हेही त्याच वेळी विचारा. आकडा एकच आणि चलन वेगळं, यावरून होणारा गैरसमज हा तिथला सर्वांत नेहमीचा.

वॉटर टॅक्सी धक्क्यावरून थेट किनाऱ्यावर सोडते. शांत दिवशी गुडघाभर पाण्यात उतरायचं, बस्स. पण डिसेंबर ते मार्चमध्ये कधीकधी उत्तर अटलांटिकमधल्या वादळांचा लांब उसळा इथवर पोहोचतो, आणि वारा अजिबात नसतानाही लोअर बेला उंच लाटा फुटतात. अशा दिवशी बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं नाही. बोट आडवी होते आणि माणूस तिच्या आणि वाळूच्या मध्ये सापडतो. पाणी किती ओढतंय ते दहा मिनिटं बघून ठरवा.

एक सोय मात्र कोकण किनाऱ्याच्या सवयीला नवी: भरती-ओहोटीतला फरक इथे अर्ध्या मीटरच्या आतबाहेर. चपला जिथे ठेवाल तिथेच सापडतात, आणि ओहोटीला पाणी शोधत चालावं लागत नाही.

आठ वर्षांच्या मुलासाठी: प्रिन्सेस मार्गारेटच्या दोन्ही टोकांच्या खडकांपाशी स्नॉर्केलिंग छान होतं. मुखवटा चेहऱ्याला नीट बसणारा हवा, म्हणून घरूनच न्या. भाड्याचे लहान मापाचे क्वचित चांगले निघतात. खडकांत समुद्री साळी असतात, काळ्या लांब काट्यांच्या. रबरी तळाचे बूट घाला आणि खडकावर हात टेकू नका. काटा मोडला तर खोदून काढू नये, तो ठिसूळ असतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की कळ कमी होते.

दर्यासारंग

निळाईच्या यादीत एक गोष्ट मोठ्या अक्षरांत घाला, लहान मूल बरोबर आहे म्हणून: मँचिनील.

हे झाड किनाऱ्यालगतच उगवतं, सावली दाट, पानं चकचकीत, आणि फळ हिरव्या-पिवळ्या लहान सफरचंदासारखं दिसतं, वासालाही गोड. झाडाचा प्रत्येक भाग विषारी. पांढरा चीक कातडीला लागला तर बिब्बा उततो तसे फोड येतात. सर्वांत जास्त माणसं फसतात ती पावसात: सर आली की जवळच्या झाडाखाली धावायचं, आणि पानांवरून ठिबकणारं पाणी चीक घेऊन अंगावर. काही खोडांवर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण सगळ्यांवर नसते. नियम साधा ठेवा: किनाऱ्यावर सावली हवी तर नारळाखाली (नारळ पडणार नाही हे पाहून) किंवा समुद्रद्राक्षाखाली, ज्याची पानं ताटलीसारखी गोल आणि शिरा लालसर. वाळूत पडलेलं कुठलंही फळ मुलाने उचलायचं नाही. चीक लागला तर लगेच साबण आणि भरपूर पाणी, डोळे चोळू नयेत. डोळ्यात किंवा तोंडात गेला तर सरळ इस्पितळ. वाळलेली काटकी शेकोटीत घातली तर धूरसुद्धा डोळ्यांना बाधतो.

तिखटमीठ

शाकाहाराचं काय? तिथे सगळं मासे आणि कोंबडीच ना?

सुगरण_सावंतवाडी

मासे भरपूर, हे खरं. पण उपाशी राहायची वेळ येत नाही, कुठल्या पदार्थात काय घालतात ते ठाऊक हवं.

रोटी हा रोजचा पदार्थ. मोठी मऊ पोळी, आत बटाट्याची कढीसारखी रसभाजी, तिच्यासोबत कोंबडी, बोकड किंवा लांबी (शंखातलं मांस). 'व्हेज रोटी' मागितली की बटाटा-छोले किंवा भोपळा मिळतो. कोंबडीची रोटी मागवणाऱ्यांनी हाडं आहेत का विचारावं, नेहमी असतात. ही रोटी आली आपल्याच लोकांकडून. १ जून १८६१ला 'त्रावणकोर' नावाचं जहाज मद्रासहून करारबद्ध मजूर घेऊन सेंट व्हिन्सेंटला लागलं. त्या देशात १ जून आता भारतीय आगमन दिन म्हणून पाळतात.

कॅलालू म्हणजे अळूच्या जातीच्या पानांचं दाट सूप. दिसायला शाकाहारी, पण त्यात खारवलेलं डुकराचं मांस किंवा खेकडा बहुधा असतोच. 'राइस अँड पीज'मध्येही कधी खारवलेलं मांस शिजतं. 'मीट नाही' एवढं म्हणून भागत नाही. 'नो मीट, नो फिश, नो सॉल्टफिश, नो पिगटेल' अशी पूर्ण यादी सांगा. 'प्रोव्हिजन' म्हणजे उकडलेले कंद: अळकुड्या, रताळी, कोनफळाच्या जातीचे याम, कच्ची केळी. मॅकरोनी पाय चीजचा, तो चालतो. सर्वांत खात्रीचं 'आयटल' जेवण. रास्ताफारी या तिथल्या धर्मपंथाच्या लोकांचं, मांसाशिवाय, मीठ अगदी कमी किंवा नाहीच. गावात कुठे मिळतं ते भाजीबाजारात विचारा.

तो बाजार धक्क्यापासून दोन मिनिटांवर. भाव चढे, कारण बेक्वेवर नदी नाही, शेती थोडी आणि बहुतेक माल मुख्य बेटावरून फेरीने येतो. विक्रेते हाका मारून, हातात चवीला फोडी देऊन मागे लागतात. त्याला घाबरू नये, पण पिशवीत काही पडण्याआधी भाव ठरवावा. आंबे, पपया, हनुमानफळ, अंबाड्याच्या जातीचं गोल्डन अ‍ॅपल, चिंचेचे साखरेत घोळवलेले गोळे. डिसेंबरात लाल अंबाडीच्या बोंडांचं 'सॉरेल' सरबत आलं-लवंग घालून करतात, ते चुकवू नका.

आणि निरफणस! सेंट व्हिन्सेंटचं राष्ट्रीय जेवण म्हणजे भाजलेला निरफणस आणि तळलेला जॅकफिश. कॅप्टन ब्लाय याने १७९३ मध्ये ताहितीहून रोपं आणून किंग्जटाउनच्या वनस्पती उद्यानात उतरवली. गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालायचं, हा त्यामागचा मळेवाल्यांचा हिशेब. तेच फळ आज तिथलं अन्न झालं आहे. फेरीला वेळ असेल तर १७६५चं ते उद्यान तासाभरात बघून होतं.

स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर आपल्या पद्धतीच्या कापा सहज होतात. फळ पूर्ण वाढलेलं पण घट्ट निवडा, सालीवर चिकाचे वाळलेले ठिपके हवेत. दाबून मऊ लागलं तर ते गोड पिकलंय, कापांना नको. दीड किलोचं फळ चौघांना पुरतं. सुरीला आणि हाताला तेल लावून चार भाग करा, मधला दांडा काढा, साल जाडसर सोला, अर्ध्या सेंटिमीटरच्या कापा करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. निथळून तिखट, हळद, मीठ लावा आणि रव्याऐवजी तिथे सहज मिळणाऱ्या कॉर्नमीलमध्ये घोळवा. मध्यम आचेवर प्रत्येक बाजू ४-५ मिनिटं. आच मोठी ठेवली तर बाहेर करपतं आणि आत कच्चं राहतं. त्यांच्या पद्धतीने भाजायचा तर देठापाशी फुली मारून अख्खा गॅसवर किंवा कोळशावर फिरवत पाऊण ते एक तास. साल पूर्ण काळी झाली आणि देठातून वाफ यायला लागली की झाला. फुली विसरलात तर फुटतो.

घरून काय न्यावं: फोडणीचं साहित्य, तूरडाळ, हवी असेल तर कणीक. पिवळे वाटाणे, तांदूळ, तयार करी पावडर दुकानात मिळते. बी-बियाणं, ताजी फळं, भाज्या मात्र नेऊ नका, ती विमानतळावर काढून घेतात.

मासे खाणाऱ्यांसाठी: होड्या आल्या की शंख फुंकून वर्दी देतात, तो ऐकला की बाजाराकडे चला. शेवंडीला १ मे ते ३१ ऑगस्ट बंदी असते. त्या काळात कोणी ताजी म्हणून देऊ केली तर घेऊ नये. पर्यटकांनी भाल्याने मासे मारणंही तिथे कायद्याने बंद आहे.

आडवं_शीड

टोबॅगो केजच्या दिवसभराच्या सहलीवर कोणी बोललं नाही. पाच निर्मनुष्य बेटं, घोड्याच्या नालासारखी प्रवाळाची भिंत, आणि बराडल बेटापाशी समुद्री गवतात चरणारी कासवं. बेक्वेवर येऊन ते न पाहणं मला पटत नाही.

निळाई

मला उलट वाटतं. चार रात्रींच्या मुक्कामात तो दिवस फार महाग पडतो. अंतर साधारण २५ सागरी मैल. जाताना वारा बाजूने येतो, मजेत जातं. येताना उत्तरेकडे वाऱ्याच्या अंगावर यावं लागतं, तीन-चार तास तुषार आणि आपटणं, तेही उन्हाने थकल्यावर. लहान मूल आणि सत्तरीच्या बाईंना नाही. सहा-सात रात्री असतील तर एक दिवस जरूर द्यावा.

आडवं_शीड

परतीचं म्हणणं मान्य, मीनलताईंच्या मंडळींना नकोच. पण जे तरुण आणि समुद्राला सरावलेले आहेत त्यांनी 'फ्रेंडशिप रोज' या शिडाच्या जहाजाची चौकशी जरूर करावी. ते बेक्वेच्याच किनाऱ्यावर बांधलेलं आहे, १९६९ मध्ये पाण्यात उतरवलं, आणि विमानतळ होण्याआधी वर्षानुवर्षं टपाल आणि माणसं मुख्य बेटावर नेणारं तेच होतं. बुकिंग पहिल्या दिवशीच करा आणि हवामान पाहून दिवस बदलण्याची सोय मागा. पहाटे घोंघावणारा वारा असेल तर दिवस बदलणंच शहाणपणाचं.

गलबत

पैसे आणि पाणी, हे दोन विषय राहिले.

ईसी डॉलर १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, पण दुकानदार २.६० च्या आसपास धरतात आणि सुट्टे ईसीत देतात. १, ५, १० च्या लहान नोटा न्या, शंभराची नोट अनेक ठिकाणी घेत नाहीत. भारतात ईसी मिळत नाही, आणि फोरेक्स कार्डावर ते चलन नसतं, त्यामुळे डॉलर भरलेल्या कार्डावरही चलनबदलाचं शुल्क लागतं. कार्डाचा परदेशी वापर निघण्याआधी अ‍ॅपमधून चालू करा. ओटीपी भारतीय सिमवर येतो, म्हणून रोमिंग बंद ठेवून चालत नाही. गावात एटीएम मोजकी, लांबलेल्या सुट्टीत रिकामी होतात. शुक्रवारी सकाळी पैसे काढून ठेवा. ईस्टरला तर नक्कीच, कारण तेव्हा शर्यतींसाठी सगळ्या बेटांवरून बोटी येतात आणि खोल्याही कित्येक महिने आधी भरतात. जेवणाच्या बिलावर व्हॅट आणि बहुधा १० टक्के सेवाशुल्क लागतं. मेनूवरचा भाव ते धरून आहे का, विचारा.

पाणी: नदी-ओढा नसल्याने प्रत्येक घराच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून जमिनीखालच्या टाकीत जातं आणि तेच वर्षभर वापरतात. फेब्रुवारी ते मे टाक्या खाली जातात. अंग ओलं करून नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ, असं करावं. यजमान काही बोलत नाहीत, पण टाकी आटली तर पाणी विकत आणावं लागतं त्यांनाच. पिण्यासाठी गाळलेलं, उकळलेलं किंवा बाटलीचं.

वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ब्रिटिश चौकोनी तीन पिना. भारतातलं यंत्र नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर चालेल. अमेरिकेतून जाणाऱ्यांनी चार्जरवर '१००–२४०' लिहिलंय का पाहावं. फक्त ११०चा हेअर ड्रायर किंवा इन्स्टंट पॉट जळून जाईल.

तिखटमीठ

तिथे अजून व्हेल मारतात म्हणे. हे खरं आहे का?

दर्यासारंग

खरं आहे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने बेक्वेला स्थानिकांच्या उदरनिर्वाहाची शिकार म्हणून वर्षाला चार हंपबॅकपर्यंत मुभा दिली आहे. ही परंपरा १८७०च्या दशकात विल्यम वॉलेसने सुरू केली, अमेरिकी व्हेल-जहाजांवर शिकलेलं तंत्र वापरून. दोन्ही टोकांना निमुळत्या शिडाच्या होड्या आणि हातातला भाला. कित्येक वर्षी एकही मिळत नाही. हंगाम फेब्रुवारीपासून वसंतापर्यंत. देशाबाहेर आणि देशातही यावर तीव्र मतभेद आहेत, आणि माझ्या मते ही शिकार आता थांबावी. पण पाहुण्याने पॅजेट फार्मच्या कोळीवाड्यात जाऊन वाद घालू नये आणि न विचारता फोटो काढू नयेत.

व्यवहाराची गोष्ट: व्हेलच्या हाडाचे दागिने, कासवाच्या पाठीच्या वस्तू विकत घेऊ नका. हंपबॅक आणि हॉक्सबिल कासव दोन्ही साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणारा करार) पहिल्या परिशिष्टात आहेत. अमेरिकेत किंवा भारतात आणलं तर जप्ती आणि कारवाई. आठवण म्हणून हाताने घडवलेली लाकडी होडी घ्या. गावातले कारागीर खऱ्या होड्यांच्या प्रमाणात छोट्या प्रतिकृती करतात, शिडांच्या दोऱ्यांसकट. डोलकाठी काढता येते का विचारा. येत असेल तर सुटी बांधून पेटी हातात घेऊन जा, सामानात टाकली तर दोऱ्या तुटतात.

निळाई

थोडं रीतीभातीचं. दुकानात, व्हॅनमध्ये, कुठेही शिरताना आधी 'गुड मॉर्निंग', मग काम. न बोलता थेट भाव विचारला तर उद्धटपणा समजतात. अंधार पडल्यावर भेटतानाही 'गुड नाइट' म्हणतात. पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नये, वर काहीतरी घाला. आणि लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे देशात बेकायदा आहेत. मुलाच्या बॅगेतली टोपी, चड्डीसुद्धा तपासा.

संध्याकाळी पाच-साडेपाचला किनाऱ्यावर बारीक वाळूमाश्या निघतात, घोट्यांना चावतात. डेंगीचे डास दिवसा चावतात. डीईईटी किंवा पिकारिडिनचं मलम घरून न्या. गावात छोटं इस्पितळ आहे, पण मोठ्या दुखण्याला मुख्य बेटावर किंवा बार्बाडोसला हलवतात, म्हणून विम्यात वैद्यकीय स्थलांतर हवंच. स्कूबा करणाऱ्यांनी शेवटच्या डुबकीनंतर १८ तास विमानात बसू नये. छोटं विमान खालून उडतं म्हणून चालेल, असं धरू नका.

मीनल_एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: परतीचं विमान दुपारचं आहे. त्याच दिवशी सकाळी बेक्वेहून फेरी घेतली तर चालेल का?

आडवं_शीड

दुपारी तीननंतरचं असेल आणि वार रविवार नसेल, तर सकाळच्या पहिल्या फेरीने निघा, दुसऱ्या नव्हे. पहिली रद्द झाली तर दुसरी हाताशी राहते. त्याआधीचं विमान असेल तर शेवटची रात्र मुख्य बेटावर काढा. व्हिला किंवा इंडियन बे भाग विमानतळ आणि किंग्जटाउनच्या मध्ये पडतो. टॅक्सीवाल्याचा नंबर येतानाच घेऊन ठेवा आणि आदल्या संध्याकाळी वेळ पक्की करा.

उरलेले ईसी फेरीच्या आधीच गावात खर्च करा. बार्बाडोसचं चलन वेगळं आहे, तिथे ते चालत नाहीत.

गलबत

भारतात परतणाऱ्यांसाठी एवढंच जोडतो: परतीची वाट त्रिनिदादवरून असेल आणि तिथे विमानतळाबाहेर पडणार असाल, तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागेल. भारत त्रिनिदादला पीतज्वराच्या यादीत धरतो, टोबॅगोला नाही. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. बार्बाडोस किंवा थेट लंडनमार्गे येणाऱ्यांना याची गरज नाही.